भाडं आम्ही उचलू, म्हणजे नेमकं काय उचलू?

पत्र: बाई, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. आधी पॅकिंगला होते, आठ महिन्यांपूर्वी मेलच्या टेबलावर बसवलं. शाळा मराठी, घरी तेलुगू. मागच्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला, त्यात ‘पिक अप’ चार ठिकाणी होतं. ‘सेल्स हॅव पिक्ट अप सिन्स मार्च.’ ‘अवर इन्स्पेक्टर पिक्ट अप टू फॉल्ट्स इन द लास्ट लॉट.’ ‘वुई विल पिक अप द फ्रेट ऑन धिस वन.’ आणि शेवटी ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे.’ मी समजले, माल तेच येऊन उचलणार. साहेबांना तसं सांगितलं. ट्रक लावला नाही, जहाजाची तारीख हुकली, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. क्लासच्या सरांनी पिक अपचे चौदा अर्थ लिहून दिलेत. ते भिंतीला चिकटवून भाकरी थापताना पाठ करते. तेव्हा सगळे येतात, मेल उघडला की सगळे जातात. शेजारच्या टेबलावरची इंग्लिश मीडियमची मुलगी हसते. परत पॅकिंगला जाऊ का? – उचलून उचलून थकलेली

मुली,

आधी ट्रकचं बोलू, कारण पत्रात तू चौदा अर्थांवर रडलीस तरी खरी सल ट्रकची आहे.

चूक झाली हे खरं. पण ती सगळी तुझ्या पदरात टाकायला मी तयार नाही. ‘फ्रेट’ या शब्दालाच दोन तोंडं आहेत. वाहून न्यायचा माल तोही फ्रेट, आणि माल वाहण्याचं भाडं तेही फ्रेट. ‘पिक अप द फ्रेट’ एवढेच शब्द कागदावर असते तर ‘माल उचलतो’ हा तुझा अर्थ इंग्रजीत चोख बसला असता. तिथला ट्रक ड्रायव्हरही असंच म्हणेल. खरी खूण होती पुढच्या तीन शब्दांत: ‘ऑन धिस वन’. म्हणजे ‘या खेपेचं’. पार्क चौकात चहा पिऊन उठताना आपण म्हणतो ना, ‘राहू दे ओ, या वेळचं माझ्याकडं’, तसं. नेहमी जे एकजण करतो ते या खेपेला दुसरा करतोय, हा त्यातला सूर. आता तुझ्या ऑफिसात नेहमी काय होतं? भाडं तुम्ही भरता. ते या खेपेला कोणीतरी आपल्या अंगावर घेतंय. ही नेहमीची पद्धत तुला आठ महिन्यांत माहीत नसेल, पण साहेबांना माहीत होती. ‘ते स्वतः माल न्यायला येतायत’ असं कळल्यावर ‘आजवर कधी आले नाहीत, आत्ताच कसे?’ हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. हे त्यांना सांगायला जाऊ नकोस. तुझ्यापुरतं ठेव.

आणि आता खरी गंमत. ‘भाडं आम्ही उचलू’ हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. मराठीत कुणाला यात ट्रक दिसतो का? भाचीच्या लग्नाचा जेवणाचा खर्च मामानं उचलला म्हटल्यावर मामा पातेलं डोक्यावर घेऊन निघाला असं आपल्या मनातही येत नाही. खर्च उचलणं म्हणजे भार आपल्याकडं घेणं. इंग्रजीतही नेमकं तेच चित्र आहे. तू अर्थ चुकलीस तो इंग्रजी कमी येतं म्हणून नव्हे. इंग्रजी समोर आलं की तू मराठी खुंटीला टांगून ठेवतेस, म्हणून.

तो चौदा अर्थांचा कागद भिंतीवरून काढ. सरांचा हेतू चांगला आहे, पण तो कागद म्हणजे मोडलेल्या घड्याळाचे सुटे भाग एका ताटात मांडून ‘वेळ सांग’ म्हणण्यासारखं आहे. शिवाय चौदा हा आकडाही कुणी देवानं ठरवलेला नाही. एक शब्दकोश दहा सांगेल, दुसरा वीस. छापणारा किती बारीक कापतो त्यावर ते. इंग्रज माणसाच्या डोक्यात अशी यादी नसते. तुझ्याही नाही. विचारून बघते: ‘उचलणे’चे अर्थ किती?

फोन उचल. पोलिसांनी त्याला रात्री उचलला. या महिन्याची भिशी मी उचलली. पोरानं चाल पटकन उचलली, म्हणजे गाण्याची. पंचायतीत कुणीतरी मुद्दा उचलून धरला. साहेबांची उचलबांगडी झाली. कारखान्यानं उसाची पहिली उचल दिली. ऊसतोडीच्या टोळीनं मुकादमाकडून उचल घेतली. जुन्या दम्यानं थंडीत उचल खाल्ली. अमक्यानं विडा उचलला. आणि तमक्याचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. अकरा झाले, आणि मी अजून स्वयंपाकघरात शिरलेही नाही. यातला एकतरी तू कागदावर लिहून पाठ केला होतास? तेलुगूतही तेच. घरी आई ‘फोन एत्तु’ म्हणत असेल. ‘एत्तु’ म्हणजे उचल, वर कर. अशोक चौकातला कानडी दुकानदारही फोनला ‘एत्तु’च म्हणेल. हे उचलणं तीन भाषांत तुझ्या अंगवळणी आहे, आणि चौथीत आलं की तुझे हातपाय गळतात.

आता पिक अपकडं. यातलं ‘पिक’ मुळात टोकाचं काम. दात कोरायची काडी टूथपिक, खणायचा टिकाव पिकॲक्स. टोकानं टोचणं, उकरणं, एकेक खुडणं. कापसाच्या बोंडातून कापूस काढतात त्याला इंग्रजीत कॉटन पिकिंग, आपण म्हणतो कापूस वेचणी. म्हणजे नुसत्या ‘पिक’ला आपला अगदी जवळचा शब्द ‘उचलणे’ नाहीच, तो आहे ‘वेचणे’. त्याला ‘अप’ लागलं की वेचलेलं जमिनीवरून हातात येतं. इथपर्यंत सगळं डोळ्यांनी दिसणारं आहे. यापुढं माझं मत ऐक, ते कुठल्या व्याकरणात सापडणार नाही: पिक अप हे आपल्या तीन क्रियापदांच्या मधोमध बसलेलं आहे. उचलणे, वेचणे आणि टिपणे. मेलमध्ये ते दिसलं की या तिघांना आळीपाळीनं बसवून बघ. दहातल्या सात वेळा एकजण तरी नीट बसतो.

टिपणे हा फार देखणा शब्द आहे आणि आपण तो वाया घालवतो. चिमणी दाणा टिपते. कॅमेरा क्षण टिपतो. टिपकागद शाई टिपतो. आईच्या बोलण्यातली नाराजी लेक बरोबर टिपते. आता मेलमधलं दुसरं वाक्य घे. इन्स्पेक्टरनं मागच्या मालातले दोन दोष ‘पिक अप’ केले. तू लिहिलं नाहीस, पण मला शंका आहे की तुला तो दोन पीस उचलून घेऊन गेला असं वाटलं असावं. त्यानं दोष टिपले. माइक आवाज टिपतो, रेडिओ स्टेशन टिपतो, कुत्र्याचं नाक वास टिपतं, तिन्ही ठिकाणी इंग्रजी पिक अप म्हणतं. पुढं ‘ऑन’ लागून ‘पिक अप ऑन’ झालं तर न बोललेली गोष्ट टिपली, असं समज.

वेचणं येतं ते सवयी, शब्द, भाषा यांच्या बाबतीत. ‘शी पिक्ट अप कन्नडा’ म्हणजे ती कानडी शिकली, पण शाळेत बसून नव्हे, इकडून तिकडून वेचून. ‘लर्न’ आणि ‘पिक अप’ यांत हा फरक आहे आणि तो नोकरीच्या अर्जात उपयोगी पडतो. कोर्स केला असेल तिथं लर्न, वापरता वापरता आली असेल तिथं पिक अप. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, 1942 साली तिथंच वारले. मधल्या चार वर्षांत त्यांना चिनी बोलता येऊ लागली आणि लिहिताही. त्याला लर्न म्हणायचं की पिक अप? बोलण्यापुरती म्हणशील तर रोजच्या रुग्णांतून आणि सैनिकांतून वेचलेली, म्हणून पिक अप. चिनी लिपी मात्र वेचून येत नाही, तिला बैठक मारावी लागते. ते लर्न. माझे वडील गिरणीत मागावर होते, शिक्षण चौथी. पण बॉबिन, बीम, वॉर्प, शिफ्ट हे शब्द त्यांच्या तोंडात असे बसले होते की ते इंग्रजी आहेत हे आम्हाला पाचवीत गेल्यावर कळलं.

मागावरून आठवलं. तुझ्या कारखान्यात आडव्या धाग्याच्या एका फेऱ्यालाही ‘पिक’ म्हणतात आणि इंचात किती पिक बसले ते मोजतात. तो पिक यातला नव्हे. तो धोटा इकडून तिकडं फेकण्याच्या क्रियेवरून आलेला वेगळा शब्द आहे. मेलमध्ये ‘पिक्स पर इंच’ असेल तर वेचू नकोस नि टिपू नकोस, सरळ मोज.

आता ज्या जागी मराठी दगा देते ती जागा. पहिलं वाक्य: ‘सेल्स हॅव पिक्ट अप’. इथं उचलणारा कुणीच नाही. विक्रीनं काहीही उचललेलं नाही, विक्री आपणच वर आली. अशा वेळी ‘उचलणे’ सोडायचं आणि ‘जोर धरणे’ घ्यायचं. पावसानं जोर धरला, वाऱ्यानं जोर धरला, विक्रीनं जोर धरला. गाडीनं वेग धरला, तिथंही पिक अपच. ओळखायची युक्ती सोपी आहे: पिक अपच्या पुढं किंवा मध्ये उचलण्यासारखी वस्तू नसेल आणि कर्ता धंदा, वारा, मागणी असं काही असेल, तर जोर धरला. ‘मार्केट हॅज पिक्ट अप’चं मराठी मात्र चुकूनही ‘बाजार उठला’ करू नकोस. आपल्याकडं बाजार उठला म्हणजे पाट्या भरून भाजीवाल्या घरी निघाल्या. माझ्या एका विद्यार्थ्यानं भाषांतराच्या पेपरात हेच लिहिलं होतं. मी मार्क कापले, पण त्या रात्री हसू आवरलं नाही.

उलट दिशेनंही खड्डे आहेत. मालकाकडून घेतलेली उचल म्हणजे ‘पिक अप’ नाही, ती ‘ॲडव्हान्स’. दुकानातली उचलेगिरीही पिक अप नव्हे. तिला इंग्रजीत ‘शॉपलिफ्टिंग’ म्हणतात, तिथंही उचलणंच आहे, फक्त क्रियापद ‘लिफ्ट’. आणि जड गोष्टींना पिक अप सहसा लावत नाहीत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते उंच काठीचे ध्वज जे पेलतात त्यांच्यासाठी ‘लिफ्ट’ आणि ‘कॅरी’ हेच शब्द. पिक अप केलं म्हटलं तर कुणीतरी रस्त्यावर पडलेली छत्री उचलली असं वाटेल. ‘पेलणे’ला इंग्रजीत एका शब्दात उत्तर नाही, आणि त्याचं मला बरं वाटतं.

चौथं वाक्य राहिलं. ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे.’ हे तुला बरोबर कळलं असणार. विणताना धागा तुटला की माग थांबवून, गाठ मारून, जिथं सोडलं तिथून पुढं. तेवढंच. पण यातली एक रचना बघ. ‘धिस’ मध्ये बसलाय, पिक आणि अप यांच्या पोटात. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘यू’ हे छोटे शब्द नेहमी असे मध्येच बसतात. ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ कधीच नाही. पूर्ण नाम असेल तर दोन्हीकडं चालतं: ‘पिक अप द पार्सल’ किंवा ‘पिक द पार्सल अप’. लिहिताना तुझ्यासारख्या मुलांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून हे एवढं मात्र घोकलंस तरी हरकत नाही.

आणखी एक, कारण तुमच्या धंद्यात रोज लागतं. क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहितात आणि जोर ‘अप’वर. नाम असेल तर जोडून एक शब्द आणि जोर ‘पिक’वर. ‘पिकअप थर्सडे, टेन ए. एम.’ असं जोडून आलं तर माल न्यायला गाडी येण्याची वेळ. हे नाम तर आपण कधीच मराठी करून टाकलंय. स्टेशनवर पिकअपला ये म्हणतो, माल न्यायला पिकअप ठरवतो, आणि सात रस्त्याच्या चढाला मेकॅनिक गाडीवर बसून म्हणतो, ‘गाडीला पिकअपच न्हाई की ओ.’ तीन वाक्यं, तीन अर्थ, आणि त्या मेकॅनिकनं एकाही क्लासची फी भरलेली नाही.

माणसांच्या बाबतीत जरा जपून. ‘आय विल पिक यू अप ॲट सेव्हन’ म्हणजे सातला न्यायला येतो, यात वावगं काही नाही. पण ‘ही पिक्ट हर अप’ असं बारमधल्या किंवा पार्टीतल्या गोष्टीत आलं, तर तिथं अनोळखी बाईला पटवण्याचा अर्थ असतो. तुझ्या मेलमध्ये तो येणार नाही, पण पाहुण्याला विमानतळावरून आणल्याची हकिगत लिहिताना ‘फ्रॉम द एअरपोर्ट’ जोडायला विसरू नकोस.

ती शेजारची मुलगी. हसू दे. तिला एकदा सहज विचार की एखाद्या परदेशी माणसाला ‘भाकरी खाऊन टाक’, ‘खाऊन घे’, ‘खाऊन बघ’ आणि ‘खाऊन जा’ यांतला फरक कसा समजावशील. खाऊन टाकताना आपण काही टाकत नाही, खाऊन बघताना डोळ्यांचा संबंध नाही. दुसरं क्रियापद मागं येऊन पहिल्याचा रंग बदलतं. इंग्रज लोक हेच काम अप, आउट, ऑफ अशा चिमुकल्या शब्दांकडून करून घेतात. ‘ईट अप’ म्हणजे आपलं खाऊन टाक. ते शतकानुशतकं असं बोलत होते. याला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते 1925 साली, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या पुस्तकातून. त्याआधी ज्यांना नाव माहीत नव्हतं त्यांचं काही अडलं नाही.

पॅकिंगला परत जायचं का, याचं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण भाषा नाही, पगार आहे. तू लिहिलं नाहीस तरी या टेबलावर दोन पैसे जास्त मिळत असणार. ते सोडू नकोस. मात्र एक सवय लाव. समजून घ्यायला पिक अप लागतं, लिहायला लागत नाही. तू उत्तर देताना साधी क्रियापदं वापर: पे, कलेक्ट, नोटिस, कंटिन्यू. अर्थ दोनपैकी कुठला अशी शंका आली तर त्यांचंच वाक्य साध्या शब्दांत त्यांच्यापुढं ठेव. हे अडाणीपणाचं लक्षण नाही. निर्यातीचं काम करणारी जुनी जाणती माणसं हेच करतात, कारण जहाज चुकल्यावर कुणाचं व्याकरण बरोबर होतं हे कोणी विचारत नाही.

त्या दिवशी एवढं एक वाक्य गेलं असतं तर भागलं असतं: ‘जस्ट टु कन्फर्म, यू विल पे द फ्रेट ॲंड वुई विल बुक द ट्रक. इज दॅट राइट?’ हे तुझ्या मेलच्या ड्राफ्टमध्ये साठवून ठेव. पुढची खेप कधी आहे ते तू लिहिलं नाहीस. ती जवळ आली असेल तर आजच पाठव, आणि ट्रक कुठल्या दिवशी लागणार ते साहेबांना तोंडी न सांगता लिहून दे.